फळीवरची पाकिटे

रोहिणी सरत आल्या की कृषी केंद्रापुढे गर्दी होते. कपाशीचे बी घ्यायचे असते. फळीवर पाकिटेच पाकिटे! सगळ्यांवर टपोऱ्या बोंडांची चित्रे. माणूस एक उचलतो, खाली ठेवतो, दुसरे उचलतो. शेवटी दुकानदारालाच विचारतो, "शेठ, यंदा कोणते चालते हो?"

आपल्या देशात बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. तेव्हा वाण होते फक्त 3. पुढच्या दहा-बारा वर्षांत मंजूर वाणांची संख्या हजारावर गेली. झाडाची उंची, पिकाचे दिवस, बोंडाचा आकार यांत फरक असतो, नाही असे नाही. पण अळीला अडवणारा गुण बहुतेकांत एक-दोन प्रकारचाच. नावे मात्र हजार!

वरंगळ जिल्ह्यात ग्लेन स्टोन नावाचे अमेरिकन अभ्यासक गावोगाव हिंडले. त्यांचा अभ्यास 2007 साली छापून आला. त्यांना काय दिसले? एका गावात सगळे एकच वाण घेतात, शेजारच्या गावात दुसरेच. दोन-तीन वर्षांनी वारे फिरते आणि अख्खे गाव तिसऱ्या वाणाकडे वळते. फार थोडे शेतकरी आधी स्वतः करून पाहिलेले बी पेरत होते. ते अडाणी होते म्हणून असे झाले का? मुळीच नाही. एक वाण नीट पारखायला दोन-तीन हंगाम लागतात. तेवढ्यात बाजारात नवी नावे येतात. मग अनुभव साठणार कसा? शेजारी काय करतो ते पाहणे, एवढेच हाती उरते.

दुकानदाराला वाटते, माल जितका तऱ्हेतऱ्हेचा तितके गिऱ्हाईक जास्त. यात तथ्य आहे, पण अर्धेच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात याची परीक्षा झाली. ती 2000 साली प्रसिद्ध झाली. चाखायला जाम मांडला होता. (जाम म्हणजे फळांचा मुरंबाच म्हणा.) कधी 24 प्रकार मांडत, कधी 6. 24 प्रकारांपाशी 145 माणसे थांबली, पण विकत घेतला 4 जणांनी. 6 प्रकारांपाशी 104 थांबली आणि 31 जणांनी घेतला. थाट पाहायला गर्दी झाली, गल्ला मात्र भरला नाही.

पण हा काही पक्का नियम नव्हे. अशा 50 प्रयोगांचा हिशेब 2010 साली एकत्र मांडला, तेव्हा सरासरीने फारसा फरक निघाला नाही. कुठे गोंधळ झाला, कुठे फायदाही झाला. आम्हाला यात नवल वाटत नाही. बाजारात दहा तऱ्हेची वांगी असली तरी आपली बाई गोंधळत नाही. भरताला कोणते, भरून करायला कोणते, हे तिला हातात घेताच कळते. बंद पाकिटातल्या बियाचे तसे नाही.

आता मनाचे पाहू. अमेरिकेत कॉलेजातून बाहेर पडून नोकरी शोधणाऱ्या मुलांचा अभ्यास 2006 साली छापला गेला. जी मुले सर्वांत उत्तम तेच हवे म्हणून धुंडत राहिली, त्यांना सुरुवातीचा पगार सुमारे 20 टक्के जास्त मिळाला. तरी समाधान त्यांनाच कमी! हातची सोडलेली दुसरी नोकरी डोळ्यांपुढून हलत नाही. शेतातही तेच होते. एकच वाण मिळत होते, तेव्हा पीक बुडाले तर माणूस पावसाला बोल लावी. आज तो स्वतःला बोल लावतो. "ते दुसरे पाकीट घेतले असते तर!" ही सल कर्जाइतकीच जड असते, आणि ती कोणी माफ करीत नाही.

तेव्हा पाकीट घेण्याआधी घरीच ठरवावे. आपली जमीन हलकी की भारी? पाणी आहे की कोरडवाहू? किती दिवसांचे पीक हवे? एवढे चिठ्ठीवर लिहून नेले की हजारांतले पुष्कळ आपोआप गळतात. बरेचसे रान पारखलेल्या वाणाखाली ठेवावे. नवे करून पाहायचे तर चार-सहा ओळी पेराव्या, कडेला खुंटी ठोकावी आणि वाणाचे नाव वहीत टिपावे. वेचणीला दोन्हींचे वजन वेगळे लिहावे. आता लिहिता येते ना? पक्की पावती मागून घ्यावी. तिच्यावर वाणाचे नाव आणि लॉट नंबर आहे का, ते दुकानातच वाचून पाहावे. पावती, रिकामे पाकीट आणि चिमूटभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवावे. उगवण फसली तर तालुक्याला तक्रार करताना हेच मागतात.