चाकाला वर जायला जागा दे
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. सोन्यास,

परवा फोन ठेवल्यापासून तुझी मारुती एस्टीम माझ्या डोक्यातून जात नाही. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर वळणाच्या मधोमध गाडीचं नाक एकाएकी बाहेर सरकतं, कर्बवर चाक चढलं की गाडी उडते, आणि नवे टायर घालूनही फरक नाही, असं तू सांगितलंस. मग तू पाठवलेला फोटो पाहिला. पुढचं चाक निम्मं मडगार्डात शिरलंय. टायरवर आता एक रुपयाही घालू नकोस. तुझी गाडी वळणात बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या रॉडवरच्या रबरावर, टेकते आहे.

स्प्रिंग कापून गाडी ५० मि.मी. खाली आणलीस, पण स्ट्रटची (शॉकअप असलेल्या नळीची) लांबी होती तेवढीच राहिली. म्हणजे ते ५० मि.मी. चाकाच्या वर जाण्यातून गेले. आधी ७५ होते असं धरलं, तर आता २५ उरले. बाहेरच्या चाकावर वळणात १२० किलो जादा भार आला आणि स्प्रिंग मि.मी.ला २ किलोची असली, तर चाकाला ६० मि.मी. वर जावं लागतं. २५ वर रबर लागलं की पुढचा भार एकदम येतो, टायरची पकड सुटते. (अँटीरोल बार थोडा भार उचलतो, पण हिशेब कळण्यापुरता तो बाजूला ठेव.) स्प्रिंग कापली की ती कडक होते हे खरं, पण किती? सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर २ किलोची २.४ होते. उंची भरपूर जाते, कडकपणा जेमतेम येतो.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मोज. शॉकअपच्या रॉडवर एक केबल टाय आवळ, खाली सरकव आणि पाच लॅप मार. टाय बंप स्टॉपला जाऊन चिकटला असेल तर उत्तर मिळालं. मग गाडी चार स्टँडवर घे, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून पुढच्या स्प्रिंगा काढ, स्ट्रट परत बसव आणि चाकाखाली जॅक लावून हळूहळू वर ने. बंप स्टॉपच्या आधी दुसरं काय लागतं ते टॉर्च घेऊन बघ: टायर आतल्या पत्र्याला, लोअर आर्म चेसिसला, की एक्सलचा सीव्ही जॉइंट अडतो. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवूनही बघ. हे न पाहता स्ट्रट आखूड केलास तर पहिला अडथळा जाऊन दुसरा पुढे येईल.

बंप स्टॉप काढून टाकायचा मोह होईल. तरुणपणी मी तेच केलं होतं. दोन दिवस गाडी सुरेख चालली, तिसऱ्या दिवशी पिस्टन तळाला आदळून शॉकअपचा व्हॉल्व्ह फुटला आणि वळणात गाडी माझ्या हातात राहिली नाही. रबर थोडं कापून आखूड कर, पण असू दे.

सर्वांत स्वस्त उपाय तुला आवडणार नाही: गाडी २० मि.मी. वर घे आणि मि.मी.ला ४ किलोची स्प्रिंग घाल. तोच १२० किलो भार मग ३० मि.मी.त मावतो, आणि तुझ्याकडे जागा ४५ असते. कडक स्प्रिंगला परतीचा झटका आवरणारा शॉकअपही तसाच लागतो. जुन्यावर भागवू नकोस. आखूड स्प्रिंग जॅकवर सैल पडत असेल तर वर छोटी हेल्पर स्प्रिंग लागेल.

खालीच ठेवायची असेल तर स्ट्रट आखूड करायला हवा. आतलं सगळं काढलेल्या रिकाम्या नळीतून ४० मि.मी. तुकडा कापायचा, सरळ जिगमध्ये धरून वेल्ड करायचं आणि तेवढ्याच आखूड मापाचा शॉकअप आत घालायचा. भरलेल्या स्ट्रटला ग्राइंडर लावायचा नाही; आत तेल आणि दाबाखाली गॅस असू शकतो. वरचं माउंट उंच करूनही जागा मिळते, पण बॉडी शेलला हात लावण्याआधी तुझ्या रेसच्या वर्गाचे नियम वाच. रेसआधीच्या तपासणीत (स्क्रूटिनीत) गाडी बाहेर काढली तर मेहनत वाया जाईल.

आता लोअर आर्मकडे ये, कारण इथे बहुतेक जण चुकतात. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये मग रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं आणि उंची कमी करूनही गाडी जास्त झुकते. शिवाय चाक आणखी वर गेलं की कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूने आत असलेला झुकाव, मिळायच्या ऐवजी जातो. बॉल जॉइंटची पिन लांब केली की आर्म पुन्हा सपाटीला येतो. टाय रॉडचं टोकही तेवढंच खाली घ्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक खड्ड्यावर चाक आपोआप वळेल. ही पिन चांगल्या स्टीलचीच हवी. इथे उद्यमनगरात उत्तम टर्नर आहेत, पण बॉल जॉइंटवर आणि स्टेअरिंग नकलवर वेल्डिंग मी कुणालाही करू देणार नाही. ती पिन तुटली तर चाक निघून जातं, आणि आत तू बसलेला असतोस.

पैसे कमी आहेत याची लाज वाटू देऊ नकोस. ज्यांच्या नावाचा तो ट्रॅक आहे, त्या करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घालूनच फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली होती.

रॉडवरचा टाय कुठे थांबला आणि जॅकवर किती उंचीला आधी काय अडलं, एवढी दोन मापं मला कळव. दोन्ही बाजूंची वेगवेगळी लिही. स्प्रिंगा हाताने कापल्या असतील तर डावी-उजवी जुळणार नाहीत. मापं आली की मी शनिवारच्या गाडीने निघतो. तुला कॉम्प्रेसर मिळाला नाही तर जॅकचं माप राहू दे, मी माझा घेऊन येईन; दोरी बांधून स्प्रिंग उघडू नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा