गॉगलची बदललेली काच कशी पारखावी?

गॉगल हातातून निसटतो, एका काचेला तडा जातो; फ्रेम मात्र अजून भक्कम असते. अशा वेळी संपूर्ण गॉगल टाकून न देता केवळ काच बदलून घेणे खर्चाच्या दृष्टीने योग्यच आहे. चष्म्याच्या दुकानांत, पदपथावरील विक्रेत्यांकडे आणि ऑनलाइन बाजारातही अशा तयार काचा मिळतात. मूळ उत्पादकाची नसलेली प्रत्येक काच वाईट असते, असे मुळीच नाही. अडचण एवढीच की चांगली काच आणि वाईट काच दिसायला सारख्याच काळ्या असतात. त्या दोहोंतील फरक आपणांस ओळखता यावा, यासाठी हे माहितीपत्रक आहे. (या पत्रकात ‘काच’ हा शब्द रूढ अर्थाने, म्हणजे प्लास्टिकच्या भिंगासाठीही वापरला आहे.)

दोन वेगळे प्रश्न

काच पारखताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : या काचेतून समोरचे दृश्य जसे आहे तसेच दिसते काय? दुसरा प्रश्न : ही काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडवते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपले डोळे देऊ शकतात. त्यासाठी घरातील खिडकी, ट्यूबलाइट आणि एक दोरी पुरेशी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळे कधीही देऊ शकत नाहीत, कारण अतिनील किरण माणसाला दिसतच नाहीत. त्यासाठी यंत्र लागते. ‘काच किती छान दिसते’ यावरून संरक्षणाचा अंदाज बांधणे आणि ‘यूव्ही ४००’ या चिठ्ठीवरून काचेच्या स्वच्छ दृष्टीची खात्री मानणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

अतिनील किरणांपासून डोळ्यांना काय धोका?

सुमारे ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या सूर्यकिरणांना अतिनील किरण म्हणतात. वर्षानुवर्षे हे किरण डोळ्यांत जात राहिल्यास मोतीबिंदूचा धोका वाढतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, ज्यास टेरिजियम म्हणतात, त्याचाही उन्हाशी जवळचा संबंध आहे. थोड्या वेळात फार तीव्र किरण डोळ्यांत गेल्यास बुबुळाच्या पृष्ठभागाला उन्हाचा चटका बसतो. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते आणि उजेड सहन होत नाही.

हे किरण केवळ वरून येत नाहीत. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परावर्तित करते. समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते. म्हणून लडाखच्या पर्वतरांगांत, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वा राजस्थानच्या वाळवंटात काम करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपण डोळे बारीक करणेही सोडून देतो. ही दोन्ही शरीराची नैसर्गिक संरक्षणे होत. काच गडद असूनही अतिनील किरण अडवत नसेल, तर ही संरक्षणे सैल पडतात आणि किरणांना वाट अधिक मोकळी मिळते. गडदपणा म्हणजे संरक्षण नव्हे. योग्य प्रकारे बनविलेली जवळजवळ पारदर्शक काचही अतिनील किरण पूर्णपणे अडवू शकते.

घरी करावयाच्या पाच कसोट्या

या कसोट्या नंबर नसलेल्या काचांसाठी आहेत. काच स्वच्छ पुसून, दिवसाच्या उजेडात त्या कराव्यात.

१. सरळ रेषेची कसोटी. खिडकीच्या चौकटीपासून सुमारे तीन मीटर अंतरावर उभे राहावे. गॉगल हात लांब करून धरावा, एक डोळा मिटावा आणि एका काचेतून चौकटीची उभी रेषा पाहावी. आता गॉगल सावकाश डावीकडे-उजवीकडे व वर-खाली हलवावा. रेषा वाकता, तुटता किंवा पाण्यातल्यासारखी हेलावता कामा नये. वळणदार फ्रेमच्या अगदी कडेला किंचित वाक दिसू शकतो. काचेच्या मध्यभागी तो दिसल्यास ती काच घेऊ नये.

२. छुप्या नंबरची कसोटी. तसाच गॉगल हलवीत असताना रेषा जागची हलते काय, ते पाहावे. गॉगल ज्या दिशेने नेला त्याच दिशेने रेषा सरकली, तर काचेत उणे नंबर आहे. विरुद्ध दिशेने सरकली, तर अधिक नंबर आहे. त्यानंतर उभ्या व आडव्या रेषा जेथे छेदतात तेथे पाहत गॉगल चाकासारखा थोडा फिरवावा. रेषा कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींकडे झुकल्या, तर काचेत तिरकस नंबर आहे. निकृष्ट साच्यातील काचेत असा नंबर नकळत येतो आणि तासाभराच्या वापराने डोके दुखू लागते.

३. प्रतिबिंबाची कसोटी. ट्यूबलाइटखाली काच धरून तिच्या पृष्ठभागावर पडलेले नळीचे प्रतिबिंब पाहावे आणि काच हळूहळू तिरकी करावी. प्रतिबिंब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संथपणे सरकले पाहिजे. मध्येच ते थरथरले किंवा त्यास पोचा पडल्यासारखे दिसले, तर पृष्ठभाग असमान आहे. काच खाचेत जबरीने बसविली असल्यास हा दोष बहुधा फ्रेमच्या स्क्रूजवळ दिसतो.

४. दोन काचांच्या सारखेपणाची कसोटी. एकच काच बदलली असल्यास ही कसोटी सर्वांत महत्त्वाची. प्रथम गॉगल पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही काचांचा रंग व गडदपणा ताडून पाहावा. मग सुमारे एक मीटर लांबीच्या दोरीला किल्ली बांधावी आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीस ती आपल्यासमोर दोन-तीन मीटरवर सरळ डावीकडून उजवीकडे झुलविण्यास सांगावे. गॉगलविना पाहिल्यास किल्ली एका रेषेत झुलताना दिसेल. गॉगल लावून दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर ती लंबगोल मार्गाने, जणू जवळ येत व दूर जात झुलताना दिसली, तर दोन काचांच्या गडदपणात फरक आहे.

याचे कारण असे, की अधिक गडद काचेमागील डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत किंचित उशिरा पोहोचतो आणि हलत्या वस्तूचे अंतर चुकीचे भासते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ साली या परिणामाचे स्पष्टीकरण दिले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोरीच्या टोकाची किल्ली घरात निरुपद्रवी असते, परंतु रस्ता ओलांडताना समोरून येणारी दुचाकी तशी नसते. म्हणून एक काच फुटली तरी शक्यतो दोन्ही काचा एकाच वेळी बदलाव्यात.

५. पोलराइज्ड काचेची कसोटी. पाणी, ओला रस्ता किंवा मोटारीचे टप यांवरून येणारी चकाकी पोलराइज्ड काच कमी करते. संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर ती फिरवल्यास पडदा एका कोनात जवळजवळ काळा होतो आणि काटकोनात पुन्हा उजळतो. काहीच बदल न झाल्यास दुसऱ्या पडद्यावर पाहावे. तेथेही बदल नसेल, तर काच पोलराइज्ड नाही. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या झाल्या पाहिजेत. तसे न झाल्यास त्यांपैकी एक चुकीच्या दिशेने बसविली आहे. पोलराइज्ड असणे आणि अतिनील किरण अडविणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

दुकानात काय विचारावे?

• यूव्ही मीटरवर काच तपासून दाखविण्यास सांगावे. पुष्कळ चष्म्याच्या दुकानांत हे लहान यंत्र असते. न फुटलेली जुनी काच सोबत न्यावी, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल.

• जांभळ्या उजेडाचा पेन आणि त्यासोबतचे कार्ड यांवर विसंबू नये. त्या पेनचा उजेड आपल्याला दिसतो, याचाच अर्थ त्यातील निदान काही भाग अतिनील नाही. आणि गडद काच दिसणारा उजेड अडवणारच.

• नंबर मोजण्याच्या लेन्सोमीटरवर काच ठेवण्यास सांगावे. नंबर नसलेल्या काचेचे माप शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ आले पाहिजे. गॉगलसाठीच्या आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात या बाबतीत सुमारे ०.१२ डायॉप्टरइतकीच सूट आहे.

• काच कशाची आहे, ते विचारावे. दुचाकी चालविणारे, खेळाडू व मुले यांच्यासाठी पॉलिकार्बोनेट श्रेयस्कर. ते आघाताने सहसा फुटत नाही आणि मुळातच बहुतांश अतिनील किरण शोषून घेते. मात्र त्यावर चरे लवकर पडतात.

• ‘यूव्ही ४००’ हा उल्लेख केवळ चिठ्ठीवर नव्हे, तर पावतीवरही लिहून घ्यावा. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

किती गडद काच घ्यावी?

काचेतून किती टक्के दृश्य प्रकाश आरपार जातो, त्यावरून पाच वर्ग केले जातात.

वर्ग ० : ८० टक्क्यांहून अधिक. जवळजवळ पारदर्शक.
वर्ग १ : ४३ ते ८० टक्के. सौम्य ऊन.
वर्ग २ : १८ ते ४३ टक्के. मध्यम ऊन.
वर्ग ३ : ८ ते १८ टक्के. कडक ऊन, समुद्रकिनारा.
वर्ग ४ : ३ ते ८ टक्के. हिमशिखरे. ही काच लावून कोणतेही वाहन चालवू नये.

संध्याकाळी व रात्री वाहन चालविताना गडद काच वापरू नये. करड्या काचेतून रंग बहुतांशी नैसर्गिक दिसतात. निळ्या, गुलाबी किंवा लाल काचेतून सिग्नलचे दिवे स्पष्ट ओळखू येतात काय, हे वाहन चालविण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे.

नवी काच लावल्यावर

पहिल्या दिवशी घरातच पंधरा मिनिटे वावरावे. जमीन तिरकी भासणे, वस्तू दुहेरी दिसणे, मळमळ किंवा कपाळ दुखणे असे काही जाणवल्यास ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. काच परत करावी. जिना उतरणे आणि वाहन चालविणे ही कामे ही खात्री पटल्यानंतरच करावीत.

काच साडीच्या पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने कोरडी पुसू नये; धुळीचे कण चरे पाडतात आणि चऱ्यांमुळे उन्हात चकाकी वाढते. आधी पाण्याखाली धरून, मग सौम्य साबणाने धुऊन मऊ सुती कापडाने टिपावी. नेलपॉलिश काढण्याचा द्रव काचेला लावू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत गॉगल ठेवू नये.

हे कधीही करू नये

• कोणताही गॉगल लावून सूर्याकडे किंवा सूर्यग्रहणाकडे पाहू नये. दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते आणि ती होताना वेदनाही जाणवत नाही.
• वेल्डिंगच्या कामात गॉगल वापरू नये. त्यासाठी वेल्डिंगचाच मुखवटा हवा.
• मुलांना खेळण्यातले गॉगल उन्हात लावू देऊ नयेत.
• मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने दिलेल्या गॉगलची काच डॉक्टरांना विचारल्याविना बदलू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उन्हात किंवा बर्फात काम केल्यानंतर डोळे खुपू लागले, लाल झाले वा उजेड सोसवेना, तर डोळे चोळू नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढून ठेवावी. मध, तूप, गुलाबपाणी किंवा घरातील उरलेले थेंब डोळ्यांत घालू नयेत. अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी आणि जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागल्यास, दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसल्यास किंवा काच फुटून तुकडा डोळ्यांत गेल्यास त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. तुकडा स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये. देशात १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत नेत्रतपासणीची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.

लक्षात ठेवावे

काचेतून सरळ रेषा सरळ दिसते काय, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. काच अतिनील किरण अडवते काय, हे यंत्रावर पाहावे. दोन्ही काचा सारख्या असाव्यात. या तिन्ही गोष्टींची खात्री झाल्यास बदललेली काच निर्धास्तपणे वापरावी, मग ती कोठूनही घेतलेली असो. एकीविषयीही शंका उरल्यास मात्र तो गॉगल न वापरता रुंद काठाची टोपी किंवा छत्री वापरावी आणि काच पुन्हा तपासून घ्यावी.