बिअरला नेलपॉलिशचा वास का येतो?

प्रश्न : मी ऑस्टिनला घरी बिअर बनवतो. एसी २१ अंशांवर असूनही एल बिअरला नेलपॉलिशसारखा वास येतो. स्टीलची महागडी टाकी घ्यावी का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : टाकीची घाई नको. तुम्ही मोजता ते खोलीचं तापमान. आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. त्यामुळे आतला द्रव खोलीपेक्षा ३-४ अंशांनी गरम असू शकतो आणि या जादा उष्णतेमुळेच असा वास येऊ शकतो. बहुतेक एल यीस्टसाठी पहिले तीन-चार दिवस तो १८-२० अंशांवर राखा. स्वस्तात करायचं तर भांडं पाण्याच्या टबात ठेवून त्यात गोठवलेल्या बाटल्या सोडा. कायमची सोय हवी असेल, तर जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्या. सेन्सर भांड्याला बाहेरून चिकटवून फोमने झाका. कॉम्प्रेसर जपण्यासाठी नियंत्रकावर काही मिनिटांचा विलंब लावा. वायरिंग पाण्यापासून दूर ठेवा.