स्कॅनर रेंगाळू लागला, तर

फिल्म स्कॅनर बंद पडला की लगेच कळतं. मंदावला तर कळायला महिने जातात, कारण मंदपणाची सबब शोधावी लागत नाही. यंत्र जुनं, कॉम्प्युटर जुना, फाइल मोठी, यातलं काहीही चालतं. माझा स्कॅनर वीसेक वर्षांपूर्वीचा, फक्त ३५ मिमीच्या पट्ट्या घेणारा, तोही सेकंडहँड. सांगलीत मामांचा फोटो स्टुडिओ होता. २०१९च्या पुरात निगेटिव्हच्या खोक्यांत पाणी शिरलं. जे वाचलं त्याला बुरशी लागायच्या आत ते स्कॅन करून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. अशात एका फ्रेमला जिथे अडीच मिनिटं लागत, तिथे आठ-नऊ लागायला लागली. ३६ फ्रेमचा रोल दीड तासाचा होता, तो पाच तासांवर गेला.

ज्याला विचारावं त्याच्याकडे उपाय तयार होता, आणि तो नेमका त्याच्या धंद्यातला होता. कॉम्प्युटरवाला म्हणाला फॉरमॅट मारू. प्रिंटर-स्कॅनर दुरुस्त करणारा म्हणाला बेल्ट गेला असणार, खोलून बघू. एका स्नेह्यांनी तर सांगितलं, कॉम्प्युटर नवाच घ्या. वेळ नेमका कुठे जातोय हे मात्र कुणीच विचारलं नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर खिशात हात घालण्याआधी एवढं एकच शोधा.

वेळ तीन ठिकाणी जाऊ शकतो: फिल्म वाचताना, वाचलेलं केबलवरून जाताना, किंवा कॉम्प्युटरमध्ये पोचल्यावर. यातलं कुठलं, हे ओळखायला कान पुरतात. पंखा, टीव्ही बंद करा आणि एक फ्रेम स्कॅन होईपर्यंत यंत्राजवळ बसा. मोटर थोडी चालते, थांबते, जरा मागे येते, पुन्हा पुढे जाते, असं ऐकू आलं तर पुढची वाट तुंबलेली आहे. स्कॅनरच्या पोटात स्मृती थोडीच असते. ती भरली की वाचन थांबवावंच लागतं. मोटर न थांबता एकसारखी, पण फारच सावकाश सरकत असेल तर स्कॅनर स्वतःच प्रत्येक ओळीवर जास्त वेळ काढतोय, बहुधा तुम्हीच सांगितलंय म्हणून. आणि मोटर केव्हाच गप्प झाली तरी पडद्यावरची पट्टी तसूतसूने सरकत असेल, तर स्कॅनरला दोष देऊ नका.

माझा स्कॅनर थांबत थांबत चालत होता. मग केबलचा माग काढला. टेबल आवरताना घरातल्या कुणीतरी ती एका जुन्या यूएसबी हबमध्ये खोचली होती. आता हिशोब बघा. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमीची. ४००० डीपीआयला ती साधारण ३७८० × ५६७० पिक्सेल होते, म्हणजे दोन कोटींहून जास्त. प्रत्येक रंगाला १६ बिट धरले तर सुमारे १२८ एमबी, आणि धूळ ओळखणारी इन्फ्रारेडची चौथी वाहिनी धरली तर १७० एमबीच्या आसपास. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, त्यामुळे हा माल काही सेकंदांत पलीकडे जातो. जुन्या १.१ चा वेग १२ मेगाबिट. त्यावरून प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपासच जातं, म्हणजे फ्रेममागे जवळजवळ तीन मिनिटं नुसत्या वाहतुकीत. जुना हब किंवा खराब केबल मध्ये असली की नवा कॉम्प्युटरही मुकाट्याने या १२ वर उतरतो. विंडोजमध्ये कधीकधी कोपऱ्यात सूचना येते की हे उपकरण याहून वेगाने चालू शकतं. आपण ती सवयीने बंद करतो. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली स्कॅनरचं नाव शोधा, वेग समोरच लिहिलेला असतो. केबल लहान असावी आणि थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात जावी.

हब काढला. प्रीव्ह्यू पटकन आला, मोटरचं थांबणं गेलं, पण पूर्ण स्कॅनचा वेळ थोडाच कमी झाला. खरा धोका इथेच आहे. उपाय पुरता लागू पडला नाही की माणूस म्हणतो, म्हणजे हे कारण नव्हतं, आणि हब पुन्हा जागेवर लावून दुसरीकडे शोधायला लागतो. कारणं दोन असतील तर असं करत जन्मभर फिरता येतं. जे सुधारलं ते सुधारलेलंच ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता मोटरचा आवाज दुसऱ्या प्रकारचा होता, एकसारखा आणि संथ. शिवाय फोटोतल्या सावल्या काळ्याठिक्कर येत होत्या; नवरदेवाच्या कोटाची घडीसुद्धा दिसेना. मंदपणा आणि सावल्या यांचा संबंध असेल असं पटकन वाटत नाही, पण आहे. काही दिवस आधी मी लग्नातल्या जवळून फ्लॅश मारलेल्या, गडद निगेटिव्ह स्कॅन करत होते. गडद फिल्ममधून प्रकाश कमी येतो, म्हणून एलईडीचा स्कॅनर प्रत्येक ओळ जास्त वेळ उजळतो. सगळ्या फ्रेमचे रंग सारखे यावेत म्हणून एक्स्पोजर लॉक करतात, तसं ते केलेलं होतं, आणि सॉफ्टवेअरने ते पुढच्या रोलांसाठीही जपून ठेवलं. पातळ निगेटिव्हलाही तेवढाच प्रकाश मिळत राहिला. वेळ गेला आणि निगेटिव्हच्या पारदर्शक भागातला, म्हणजे फोटोतल्या सावल्यांतला, तपशीलही गेला. लॉक काढल्यावर स्कॅनर पूर्वपदावर आला.

म्हणून सेटिंगचं पान वरपासून खालपर्यंत वाचाच. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर व्ह्यूस्कॅन असो वा सिल्व्हरफास्ट, गुणवत्तेच्या नावाखाली वेळ खाणारे पर्याय सगळीकडे असतात. मल्टी-सॅम्पलिंग आठवर असेल तर प्रत्येक ओळ आठदा वाचली जाते. फायदा फक्त फार गडद स्लाइडला. मल्टी-एक्स्पोजर म्हणजे दुसरी फेरी. फिल्मचा दाणा घालवणारं फिल्टर स्कॅन झाल्यावर कॉम्प्युटरला दमवतं. ते बंद ठेवा, हवं तर नंतर करता येतं. आणि इन्फ्रारेडची सफाई कृष्णधवल फिल्मवर कधीच लावू नका. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि सॉफ्टवेअर चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला जातं. वेळही जातो, चेहराही. रंगीत निगेटिव्हवर मात्र तीच सफाई बुरशीचे ठिपके अशी टिपते की हाताने करायचं म्हटलं तर अख्खी सुट्टी जावी.

मोटर गप्प आणि पट्टी रेंगाळते, हा तिसरा प्रकार माझ्या वाट्याला आला नाही, स्नेह्यांच्या आला. त्यांच्या फाइल थेट क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये जात होत्या. प्रत्येक फाइल लिहिली जात असतानाच वर चढायला लागायची, आणि अँटिव्हायरस तीच उघडून तपासायचा. स्कॅन आतल्या डिस्कवरच्या साध्या फोल्डरमध्ये उतरवा, डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा, रात्री एकदम दुसरीकडे हलवा.

हे सगळं पाहून झालं आणि तरी घरघर, कुरकुर ऐकू येते, किंवा चित्रात आडव्या पट्ट्या उमटतात, तर रुळावरचं ग्रीस वाळलेलं असू शकतं. ते काम जाणकाराचं. दाराच्या बिजागरीला मारायचा स्प्रे आत मारू नका: तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो आणि पसरत आरशापर्यंत पोचतो. स्कॅनर ठणठणीत असताना एकच ठरलेली निगेटिव्ह, ठरलेल्या सेटिंगवर स्कॅन करून लागलेला वेळ झाकणावर चिकटवून ठेवा. पुढे शंका आली की तीच पट्टी घालून बघायची.

यंत्र वाचणार नसेलच, तर कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि खालून उजेड देणारं एलईडी पॅनल यांनीही काम होतं. फ्रेम क्षणात टिपली जाते, मात्र इन्फ्रारेड सफाई त्यात नाही. मी आता काम वाटून टाकलंय. मामांच्या कृष्णधवल निगेटिव्हना तशीही ती सफाई चालत नाही, त्या कॅमेऱ्याखाली जातात. बुरशी लागलेले रंगीत रोल तेवढे स्कॅनरकडे.