भाऊ गोडीत असतानाच वाटणीचा कागद करा

मुलुंडच्या आमच्या घरात चुली वेगळ्या झाल्या तेव्हा कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. आजोबांनी अंगणात उभं राहून काठीनं दाखवलं : विहिरीपासून फणसापर्यंत थोरल्याचं, मागच्या दोन खोल्या मधल्याच्या, रस्त्याकडची बाजू धाकट्याची. कागद झाला नाही. पुढे विकासक दारात आला, तेव्हा मिळकत पत्रिकेवर एकट्या आजोबांचं नाव आणि सह्यांना वारस सतरा! विहीर कुणाची, बोळ कुणाचा, यावरून एका ताटात जेवलेले चुलतभाऊ दिवाणी दाव्यात समोरासमोर उभे राहिले.

देवासच्या पवारांचं पाहा. तुकोजी आणि जिवाजी हे भाऊ 1728 मध्ये बाजीरावांबरोबर माळव्यात उतरले आणि त्यांनी मुलूख दोघांत वाटून घेतला. थोरली पाती, धाकटी पाती. 1841 नंतर दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला, पण जमिनी एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या. देवासच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं, पाणी आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगळी. जर्मनीतल्या एल्ट्झ किल्ल्याची 1268 मध्ये भावाभावांत वाटणी झाली. तिथे सामायिक वास्तूत कसं राहायचं याचे लेखी करार होत. मला हे शहाणपण फार मोलाचं वाटतं. भांडण खोल्यांवरून क्वचितच होतं. होतं ते जिना, बोळ, गच्ची, पाण्याची टाकी यांवरून.

म्हणून वडीलधारी माणसं हयात असतानाच बसा. आत्यांना आधी बोलवा. लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांचा हक्क जात नाही, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे. कुणाला हिस्सा नको असेल तर तोंडी ‘मला काही नको’ पुरत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. पण ते प्रेमाच्या दडपणाखाली लिहून घेऊ नका, ती सही पुढे डोळ्यांत पाणी आणते. वाटणीपत्राला मोजणीचा नकाशा जोडा, सामायिक जागा आणि तिचा खर्च नावानिशी लिहा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. कुणी गेलं की वारसनोंद लगेच नगर भूमापन कार्यालयात लावा. धाकटे काका वर्षानुवर्षं घरपट्टी भरत होते आणि त्यालाच मालकी समजत होते. पावती म्हणजे मालकी नव्हे, हे त्यांना न्यायालयात कळलं.

आमचा दावा अजून चालू आहे. विकासकानं शेजारच्या वाडीत काम सुरू केलं आहे.