जोडधंद्याचा मालक होताना : कर व लाभ यांची प्राथमिक ओळख

शेतात भुईमूग पिकवून शेंगा बाजार समितीत विकणारा मनुष्य शेतकरी होय. त्याच शेंगांचे घाण्यावर तेल काढून तो विकू लागला, की कायद्याच्या दृष्टीने तो शेतकरी राहून व्यापारीही होतो. हा बदल पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोणी ‘सारे शेतीचेच उत्पन्न’ असे समजून स्वस्थ राहतो, तर कोणी कराच्या धास्तीने धंद्याचा विचारच सोडून देतो. दोन्ही गोष्टी सारख्याच हानिकारक आहेत.

एकल मालकी

एकट्याने, भागीदार न घेता चालविलेल्या धंद्यास एकल मालकी म्हणतात. येथे धंदा आणि मालक या दोन भिन्न व्यक्ती नसतात. नफा मालकाचा, तसेच कर्जही मालकाचेच. धंद्याचे देणे थकल्यास ते त्याच्या खाजगी मालमत्तेतूनही वसूल होऊ शकते. यास्तव धंद्याच्या कर्जासाठी जमीन तारण देण्यापूर्वी घरातील सर्वांशी विचारविनिमय करावा.

शेतीचे उत्पन्न कोणते?

शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. पीक विक्रीयोग्य करण्यासाठी शेतकरी सामान्यतः जी मळणी, उफणणी, वाळवणी करतो ती शेतीतच मोडते. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही शेतीचे मानले जाते. परंतु तेल गाळणे, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हे धंदे होत. घरच्या शेंगा घाण्यास लावल्यास त्यांच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीची व त्यावरील नफा धंद्याचा धरतात.

प्राप्तिकराचा हिशेब

लहान धंद्यासाठी अनुमानित नफ्याची सोपी पद्धत आहे. उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास रोखीच्या विक्रीवर ८ टक्के व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरता येतो. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास अधिक दाखवावा.

उदाहरणार्थ, एका घाण्याची वार्षिक विक्री १८ लाख रुपये आहे. त्यापैकी १० लाख बँकेत आले, ८ लाख रोख मिळाले. अनुमानित नफा ६०,००० अधिक ६४,००० म्हणजे १,२४,००० रुपये होतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे या घाणेवाल्यास, अन्य उत्पन्न नसल्यास, भिण्याचे कारण नाही. मात्र उत्पन्न ४ लाखांवर गेल्यास, कर शून्य असला तरी, विवरणपत्र भरावेच लागते.

येथे एक बारकावा आहे. धंद्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेले आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असले, तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरविण्यापुरते जमेस धरतात. म्हणून शेतीचाही हिशेब ठेवावा.

वस्तू व सेवा कर

महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर गेल्यास नोंदणी करावी लागते. सेवेसाठी ही मर्यादा २० लाख आहे. परराज्यात माल विकावयाचा असल्यास मात्र सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी लागते. सीमेलगतच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. याखेरीज खाद्यपदार्थाच्या धंद्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना आवश्यक आहे. उद्यम नोंदणी निःशुल्क आहे; तिच्यासाठी कोणासही पैसे देऊ नयेत.

लाभांचा विचार

नोकरदारामागे भविष्यनिर्वाह निधी असतो. स्वतःच्या धंद्याच्या मालकामागे कोणी नसतो. आजारपणात घाणा थांबला की मिळकतही थांबते. यासाठी पुढील गोष्टी पाहाव्या :

१. पीएम-किसानचे वार्षिक ६,००० रुपये मागील करनिर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेल्यास मिळत नाहीत. केवळ विवरणपत्र भरणे व कर भरणे यांत भेद आहे, हे शेतकऱ्यास समजावून द्यावे.

२. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वर्षे वयात सामील होता येते. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकरदात्यास नव्याने प्रवेश नाही. म्हणून धंदा वाढण्यापूर्वीच निर्णय घ्यावा.

३. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षास ४३६ रुपयांत जीवनज्योती व २० रुपयांत सुरक्षा विमा, प्रत्येकी २ लाखांचा, बँकेमार्फत घेता येतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

धंदा काढणाऱ्या प्रत्येकास तीन वह्या घालण्यास सांगावे : एक शेतीची, एक धंद्याची, एक घरखर्चाची. बँकेतही धंद्याचे खाते निराळे असावे. वही रोज संध्याकाळी लिहावी. आठवड्याने आठवून लिहिलेली वही उपयोगाची नाही. हिशेब ज्याच्या हाती आहे, त्यास कराची भीती उरत नाही आणि हक्काचा लाभही त्याच्या हातून निसटत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणते जोडधंदे प्राप्तिकराच्या दृष्टीने शेतीत मोडत नाहीत?
२. १२ लाख रुपये विक्रीपैकी निम्मी रोखीने झाली, तर अनुमानित नफा किती?