फवारणीच्या हंगामाचा अभ्यास कोण करणार?

नीटचे गुण कमी पडले की यवतमाळच्या घराघरांत एकच वाद सुरू होतो: आणखी एक वर्ष द्यायचं, की मुकाट्यानं बीएस्सीला नाव घालायचं? आरोग्याच्या क्षेत्रात जायचं तर गळ्यात स्टेथोस्कोपच हवा, असं आपण धरून चाललो आहोत.

२०१७चा खरीप आठवा. आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. रुग्ण वाचवायला डॉक्टर होते. पण त्याच वर्षी असं का झालं? कपाशी डोक्यावर गेली होती म्हणून, पंप नवे होते म्हणून, दोन-तीन औषधं एकत्र कालवली म्हणून, की मास्क-हातमोजे नव्हतेच? वॉर्डात बसून याचं उत्तर सापडत नाही. गावात जाऊन आजारी पडलेल्याला विचारावं लागतं आणि त्याच दिवशी शेजारच्या धुऱ्यावर फवारणी करून धडधाकट घरी आलेल्यालाही. दुसऱ्याला विचारायचं बहुतेक जण विसरतात. खरा अभ्यास या दोघांतल्या फरकाचा. साथरोगशास्त्र ते हेच.

तरुणांच्या आत्महत्या, व्यसनं, रस्त्यावरचे अपघात यांचाही शोध असाच घेतात, आणि त्यावरून उपाय ठरतात. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली. आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि पिकाला फटका बसला नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्य ओळखून समुपदेशन केलं. दीड वर्षात मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान दारू-तंबाखूच्या व्यसनावर काम करतं.

या क्षेत्रात यायच्या वाटा अनेक आहेत. एमबीबीएस झालेल्यांना जनऔषधवैद्यकशास्त्रात (कम्युनिटी मेडिसिन) एमडी करता येतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातला हा विभाग नावाजलेला आहे. बाकीच्यांसाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत एमपीएच, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत जीवसांख्यिकी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये दुखापत-प्रतिबंधावर स्वतंत्र काम चालतं. पात्रतेच्या अटी बदलत राहतात, त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. माझं मत विचाराल तर बारावीनंतर संख्याशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग किंवा बीएसडब्ल्यू यांपैकी जे झेपेल ते घ्या, पण आकडेमोडीला घाबरू नका. वऱ्हाडी बोलणारी, कृषी केंद्राची उधारी कशी चालते हे ठाऊक असलेली पोरगी प्रश्नावली घेऊन दारात उभी राहिली, तर बायाबापड्या जे सांगतील ते बाहेरून आलेल्याला सांगणार नाहीत.

आईबाबांची धास्ती पोटाची असते, आणि ती खोटी नाही. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पाच्या, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. स्थैर्य हवं असेल तर पुढे पीएचडी करून अध्यापनात किंवा शासकीय संशोधन संस्थेत जावं लागतं. याला वेळ लागतो.

दुसरी धास्ती: रोज असली दुःखं ऐकून आपलं लेकरू खचेल का? रुजू होण्याआधी विचारून घ्या, मुलाखती घेणाऱ्यांशी कुणी वरिष्ठ दर आठवड्याला बोलतं का. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा प्रकल्प बघा. आणि घरात कुणालाही, मग तो नीटचा विद्यार्थी का असेना, जगणं नकोसं वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येतं.